पोस्ट मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे

फेसबुकवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपात शिरायचं तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ॲडमिनला तीनच प्रश्न विचारायची सोय फेसबुकने दिली आहे म्हणून बरं, नाहीतर गोत्र आणि रक्तगटही विचारला गेला असता. बागकामाची आवड कशी लागली? घरात कुंड्या किती? ग्रुपचे नियम वाचले का? पहिल्या प्रश्नाला माणूस 'लहानपणापासून निसर्गाची ओढ' असं ठोकून देतो. दुसऱ्यात तुळस, कोरफड आणि गावाला गेलेल्या शेजारणीने सांभाळायला दिलेला मनीप्लांट धरून आकडा फुगवतो. तिसऱ्याला डोळे मिटून 'हो' म्हणतो. नियम खरोखर वाचून 'हो' म्हणणारा सदस्य कुठल्याच ॲडमिनच्या पाहण्यात नाही. पण ॲडमिननेही ते नियम दुसऱ्याच ग्रुपातून उचलून आणलेले असतात, त्यामुळे त्याचीही तक्रार नसते. (पाककृतींच्या एका ग्रुपात 'रासायनिक खतांची जाहिरात करू नये' हे कलम मी स्वतः वाचलं आहे.)

दोन दिवसांनी दार उघडतं. आठवड्याभरात आलेल्या सगळ्या नवख्यांची नावं ओळीने टॅग करून ॲडमिन स्वागताची पोस्ट टाकतो. खाली जुन्या मंडळींचे गुलाब, जोडलेले हात, 'सुस्वागतम्' आणि एखादं 'शुभ सकाळ', जे नियम क्रमांक चारप्रमाणे बंद असतं. नावं कोणी वाचत नाही. नवख्याला मात्र वाटतं, झाली आपली ओळख. तो प्रत्येक गुलाबाला 'मनःपूर्वक धन्यवाद' म्हणत सुटतो आणि तिथेच त्याचं नवखेपण उघडं पडतं. मुरलेला सदस्य गुलाबाला नुसता अंगठा दाखवतो.

मग येते पहिली पोस्ट. नवख्या माणसाची अशी भाबडी समजूत असते, की आपण काहीतरी अभ्यासपूर्ण लिहावं म्हणजे लोक दखल घेतील. तो रविवारची दुपार खर्च करून 'मातीचं आरोग्य : एक चिंतन' लिहितो. त्यात जीवामृत येतं, गांडूळ येतं, कोकोपीटचे फायदे-तोटे येतात, शेवटी धरणीमातेचं ऋणही येतं. पोस्ट मंजुरीच्या रांगेत जाते. ॲडमिन लग्नाला सांगलीला गेलेला असतो. तो परतून पोस्ट मंजूर करतो ती नेमकी भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर तीन लाइक. एक ॲडमिनचा, कर्तव्य म्हणून. एक लिहिणाऱ्याच्या बायकोचा, तिला त्याने उठवून सांगितलं म्हणून. आणि एक त्या काकांचा.

हे काका प्रत्येक ग्रुपात असतात. ते प्रत्येक पोस्टला लाइक करतात आणि खाली 'छान' लिहितात. 'माझा दहा वर्षांचा मोगरा काल गेला' याही पोस्टखाली त्यांचं 'छान' असतं. त्यांच्यावर कोणी रागावत नाही. उलट एखाद्या पोस्टला त्यांचं 'छान' आलं नाही तर लोक त्यांची तब्येत विचारतात.

आता त्याच ग्रुपातली दुसरी पोस्ट पाहू. टाकणाराही नवखाच. हललेला फोटो, जास्वंदीची फांदी, त्यावर पांढरं काहीतरी, आणि चौकटीच्या कोपऱ्यात स्वतःचा अंगठा. वर दोन वाक्यं : 'ही बुरशी आहे का? मी हळद टाकली आहे.' बस्स. पहिल्या मिनिटात उत्तर, 'बुरशी नाही, मिलीबग.' लगेच दुसरं, 'मिलीबग काय म्हणता, मराठीत पिठ्या ढेकूण म्हणतात.' 'हळद कशाला टाकली?' 'हळदीने मुंग्या जातात.' 'अहो, मुंग्याच तर हा ढेकूण पोसतात!' 'कडुनिंबाचं तेल पाच मिली, एक लिटर पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. फवारा.' 'साबण लिक्विड की वडी?' इथून पुढच्या वीसेक कमेंटा साबणावर. 'आधी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारून पाहा.' 'फांदी छाटा.' 'झाडच काढून टाका', हे लिहिणारे गृहस्थ सगळ्याच झाडांविषयी हेच लिहितात. 'मागच्या कुंडीत काय आहे ते? कटिंग मिळेल का?' 'ताई, इनबॉक्स बघा.' 'फोटोत अंगठ्याचं नख पिवळं दिसतंय, लिव्हर तपासून घ्या.' 'हळद आहे हो ती!' 'तरी एकदा तपासून घ्या.' काकांचं 'छान'.

संध्याकाळपर्यंत कमेंटा दीडशेच्या वर. मातीच्या आरोग्याचं चिंतन अजून तीनवरच.

आणि मुख्य म्हणजे या माणसाला आता ग्रुपात नाव मिळालं. आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे, ते कोणाच्याच लक्षात नाही. 'ते मिलीबगवाले.' दोन महिन्यांनी कोणाच्याही जास्वंदीवर पांढरं दिसलं, की लोक यांना टॅग करून बोलावणार. तोवर तेही तज्ज्ञ झालेले असतात, कारण त्या दीडशे कमेंटा संपूर्ण वाचणारे जगात ते एकटेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ग्रुपात माणूस दिसतो तो त्याला काय येतं यावरून नव्हे. त्याला काय येत नाही, हे त्याने किती मोकळेपणाने मांडलं, यावरून. ज्ञान घेऊन येणाऱ्याला लोक वाट देतात, म्हणजे बाजूला होतात. अडचण घेऊन येणाऱ्याभोवती कोंडाळं करतात. आणि चुकीचं उत्तर घेऊन येणाऱ्याला तर खांद्यावर घेतात. विकीचा शोध लावणारे वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर एक नियम सांगितला जातो : इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर लिहा. कनिंगहॅम म्हणतात की हे माझं वाक्य नव्हेच. म्हणजे त्यांचा नियम त्यांच्यावरच चालला. चुकीचं नाव चिकटल्यामुळेच तो इतका गाजला.

पक्ष्यांच्या ग्रुपात हे रोज दिसतं. घारीचा फोटो टाकून 'आयडी प्लीज' लिहिलं तर तज्ज्ञ मंडळी सावकाश, जेवणं आटोपून उत्तर देतात. तोच फोटो 'आमच्या गच्चीवर आज गरुड आला' असा टाका. जेवणं अर्धवट राहतात. शेपटीची खाच, पंखाखालचा रंग, 1990 साली घेतलेल्या नोंदी, सगळं बाहेर येतं. सह्याद्रीच्या ग्रुपात कोकणकड्याचा फोटो टाकून खाली 'नाणेघाट' लिहावं, म्हणजे ज्यांनी वर्षभर तोंड उघडलेलं नाही असे वाटाडे प्रकट होतात. खाद्यपदार्थांच्या ग्रुपात तर चूक करण्याचीही गरज नाही. पोह्यांत चार मटार दिसले तरी पुरे. नागपूरकर तर्री कुठे आहे विचारतात, इंदूरहून शेव येते, पुण्याहून साखरेचं समर्थन येतं, आणि कोकणातल्या एक आजी 'आम्ही यात खोबरं घालतो' एवढंच लिहून सगळ्यांना गप्प करतात. साड्यांच्या ग्रुपात सगळ्यांत कमी अक्षरांत सगळ्यांत जास्त प्रसिद्धी मिळते. पैठणीचा फोटो टाकायचा आणि किंमत लिहायची नाही.

हे नुसतं आपल्या लोकांच्या खोडीमुळे होतं असं समजू नये. वरूनही तशीच सोय केलेली आहे. फेसबुकचे ग्रुप 2010 साली आजच्या रूपात आले. 2017 च्या जूनमध्ये मार्क झकरबर्ग यांनी शिकागोत ग्रुपांच्या ॲडमिनांचं संमेलनच भरवलं आणि जगाला जवळ आणण्याचं कंपनीचं नवं ध्येय जाहीर केलं. 2018 च्या जानेवारीत लोकांना काय दाखवायचं याचं गणित बदललं. नुसतं पाहून पुढे जाण्यापेक्षा लोकांनी एकमेकांशी बोलावं, अशी त्यामागची भावना होती. 2021 साली कंपनीची आतली कागदपत्रं फुटली आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापली, तेव्हा या भावनेचे मार्कही कळले. त्या गणितात लाइकला 1 गुण होता. भरघोस कमेंटला 30. संतापलेल्या लाल चेहऱ्यालाही एके काळी लाइकच्या पाचपट वजन होतं, ते नंतर शून्यावर आणलं गेलं. आता हे मार्क मांडून पाहा. चिंतनवाल्याचे एकूण गुण 3. मिलीबगवाल्याच्या एका साबणप्रकरणातच शेकडो. काकांचं 'छान' भरघोस कमेंटीत धरलं जात असेल असं वाटत नाही. धरलं जात असतं तर अख्खं फेसबुक काकांच्या मर्जीवर चाललं असतं.

तरीही केवळ चुका करून कोणी फार काळ टिकत नाही. नवख्याने आधी पडेल ते काम केलं पाहिजे, हा दंडक ग्रुपातही आहेच, आणि तो आपल्याला गणेशोत्सव मंडळांनी फार पूर्वी शिकवून ठेवला आहे. मंडळात आलेला नवा पोरगा पहिल्या वर्षी खुर्च्या लावतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या हातात पावतीपुस्तक येतं, तेही मुद्दाम लिफ्ट नसलेल्या इमारतीचं. तिसऱ्या वर्षी तो आरतीच्या वेळी पुढे उभा राहतो. चौथ्या वर्षी त्याचा फोटो फ्लेक्सवर येतो, सगळ्यांत खालच्या ओळीत, उजव्या टोकाला, अर्धा कान कापलेला. पहिल्याच वर्षी येऊन 'यंदा देखावा मी सांगतो तसा करू' म्हणणाऱ्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकच्या मागे, जनरेटरजवळ उभं करतात.

ग्रुपातलं खुर्च्या लावणं म्हणजे दुसऱ्यांच्या पोस्टखाली चार ओळी लिहिणं. रेडिटवर तर या खुर्च्या मोजून घेतात. तिथे गुणांनाच 'कर्मा' म्हणतात, आणि त्या कर्माचा हिशेब याच जन्मी आणि आकड्यांत मिळतो. कित्येक कट्ट्यांवर पुरेसा कर्मा नसलेल्या खात्याची पोस्ट एक यांत्रिक पहारेकरी येताक्षणी काढून टाकतो. पोस्ट राहायची तर कर्मा हवा आणि कर्मा मिळवायचा तर कुठेतरी काहीतरी लिहायला हवं. मग माणूस मांजरांच्या फोटोंखाली 'किती गोड' लिहीत हिंडतो. पण याच रेडिटची गंमत अशी, की 2005 साली ते सुरू झालं तेव्हा तिथे येतंच कोण होतं? स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन या दोघा संस्थापकांनी खोट्या नावांची खाती काढून आपणच पोस्टी टाकल्या आणि गर्दी असल्याचा देखावा उभा केला. हे हफमन यांनीच पुढे सांगितलं. म्हणजे जगातला पहिला दुर्लक्षित नवखा हा खुद्द मालकच निघाला.

आता या सगळ्यांत जे अजिबात दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल. जेकब नील्सन या अभ्यासकाने 2006 साली एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं : शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून काहीतरी लिहितात आणि बाकीचं सगळं रामायण एकटा लिहितो. मराठी ग्रुपांत हे नव्वद जण लग्नकार्यात भेटतात. पंगतीत मठ्ठा वाढून घेताना शेजारच्या बाई एकदम म्हणतात, 'तुमचं सगळं वाचते हं मी. ते मिलीबगचं काय झालं पुढे?' आपण मनातल्या मनात लाइकांची यादी चाळतो. बाईंचं नाव कुठेच नाही. 'अंगठा दाबायला काय होतं हो?' असं विचारलं तर त्या दचकतात. 'आमच्या नणंदेला दिसतं ना ते!' म्हणजे वाचणं हे खासगी आहे आणि लाइक ही घरातली राजकीय भूमिका. नवखा ज्या आकड्यांवरून उदास होतो, त्यात ही नव्वद माणसं धरलेलीच नसतात. या बाईंनी मातीच्या आरोग्याचं चिंतनही वाचलेलं असतं. बाईंच्या मते ते 'जरा लांबलं होतं.'

नणंदेचा हा प्रश्न सोडवण्यासाठीच ग्रुपांत नाव लपवून पोस्ट टाकायची सोय आली. पूर्वी बायकांच्या ग्रुपात 'ॲडमिनताई, आयडी हाइड ठेवा' अशी विनवणी करावी लागे, आता एक बटण दाबलं की झालं. विरोधाभास असा, की ग्रुपातला सगळ्यांत जास्त वाचला जाणारा लेखक म्हणजे हा अनामिक सदस्य. 'सासूबाई माझ्या कुंड्यांत चहाची पावडर टाकतात, साखरेसकट. काय करू?' या पोस्टला जे भाग्य लाभतं ते भल्याभल्या दिवाळी अंकांना लाभत नाही. एकच अडचण आहे. चौथ्या कमेंटीत एक अनामिक सासूबाई उत्तर देतात.

ज्याने हे सगळं नेटाने केलं, खुर्च्या लावल्या, साबणावर मत दिलं, अंगठा दाखवला, त्याच्या नावापुढे एके दिवशी बिल्ला येतो : 'रायझिंग स्टार'. हा बिल्ला नव्या सदस्यांसाठीच आहे आणि तो फेसबुक परस्पर देतं, कमिटी बसत नाही. माणूस त्याचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. तिथे मेहुणा विचारतो, 'पैसे मिळतात का याचे?' पुढे 'टॉप कॉन्ट्रिब्युटर' होतो. मग एक दिवस ॲडमिन दुसऱ्या लग्नाला, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नाला, जाताना याला मॉडरेटर करून जातो.

आणि मग त्याची भाषा पाहावी. 'पोस्ट टाकण्यापूर्वी सर्च करत चला.' 'मिलीबगवर याआधी सविस्तर चर्चा झालेली आहे.' 'हललेले फोटो मंजूर केले जाणार नाहीत.' 'हल्ली ग्रुपचा दर्जा राहिला नाही.' दर्जा राहिला नाही म्हणजे आपल्यानंतर लोक आले. ही तक्रार इंटरनेटइतकीच जुनी आहे. यूजनेट या फेसबुकच्या कितीतरी आधीच्या चर्चाकट्ट्याच्या काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांचं वर्ष सप्टेंबरात सुरू झालं, की नव्या पोरांची झुंड यायची आणि जुनी मंडळी महिनाभर कपाळाला हात लावून बसायची. पोरं रीतभात शिकली की शांत. मग अमेरिका ऑनलाइनसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सरसकट गिऱ्हाइकांना दार उघडून दिलं आणि नव्यांचा ओघ थांबेचना. तेव्हापासून जुन्यांच्या हिशेबी 1993 चा सप्टेंबर अजून चालू आहे. ऑर्कुटवरही 'आता पूर्वीसारखी मजा नाही' म्हणणारे होते. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुटच बंद झालं, तेव्हा त्यांचं म्हणणं एकदाचं खरं ठरलं.

मॉडरेटर होणं हे मात्र प्रसिद्धीचं शिखर नव्हे. शिखर वेगळंच आहे. तुम्ही लिहिलेली चार ओळींची पोस्ट कोणीतरी उचलतो, खाली दोन गुलाब लावतो, तुमचं नाव उडवतो आणि सोडून देतो. ती गावोगाव फिरते. मामेबहिणीच्या भिशीच्या ग्रुपात जाते, सोसायटीच्या ग्रुपात जाते, न्यू जर्सीत जाऊन परत येते. आणि एके दिवशी सकाळी सख्खी मावशी ती तुम्हालाच पाठवते, 'वाच, किती सुंदर लिहिलंय, शिक काहीतरी' असं लिहून. खाली लेखकाचं नाव असतं व. पु. काळे. कधी नाना पाटेकर. मराठीत बेवारस सापडलेला मजकूर साधारण या दोन पत्त्यांवर पोहोचता करायची पद्धत आहे. विनोदी असेल तर पु. ल.

तेव्हा हा लेख पुढे पाठवणार असाल तर जरूर पाठवा, गुलाबही लावा. नाव मात्र माझंच राहू द्या. अजून मला बिल्ला मिळायचा आहे.